सरांचं विसरणं आणि गुळाचा डबा

(पत्र थोडं कमी करून देतेय, नाव-गाव काढलंय.)

"ताई, मी सांगली जिल्ह्यातून लिहितेय, वय ६२. आमचे सर, म्हणजे आमचे हे, ६८ वर्षांचे, हायस्कूलला गणित शिकवायचे. शुगर १४ वर्षांपासून आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधांची एकत्र गोळी आहे, सकाळी एक आणि रात्री एक, बीपीची वेगळी. सर माळकरी आहेत, अंडं-मटण काही नाही, एकादशी आणि सोमवार दोन्ही धरतात. गेले सात-आठ महिने विसरायला लागलेत. दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब चुकला, ज्या माणसानं आयुष्यभर वर्गमूळं तोंडी काढली. एका एकादशीला बँकेत गेले आणि स्लिप हातात धरून नुसते उभे, सही कुठं करायची कळेना, अंगावर घाम. शेजारच्या दुकानदारानं बसवून चहा पाजला तर थोड्या वेळानं नीट बोलायला लागले. मध्यरात्री उठून स्वयंपाकघरात गुळाचा डबा उघडताना दोनदा सापडले, मी लई बोलले आणि डबा माळ्यावर टाकला. टीव्ही फार मोठ्यानं लावतात. पुण्याच्या मुलीनं रील पाठवलं की अल्झायमर म्हणजे टाइप थ्री डायबेटिस, भात-पोळी-फळं पूर्ण बंद केली की शुगर पण जाते आणि मेंदू पण परत येतो. म्हणून चार महिने सगळं बंद केलंय, सकाळी कारल्याचा रस, दुपारी भाजी-काकडी, रात्री सूप. वजन ६४ वरून ५७ वर आलं, तीन महिन्यांची शुगर ६.२ आली, सगळे खूश झाले. पण विसरणं कमी नाही, उलट चिडचिड वाढली, जिना चढताना धरावं लागतं. सासूबाई शेवटी कुणालाच ओळखत नव्हत्या म्हणून मला झोप लागत नाही. जगणं बदलून खरंच बुद्धी वाचते का, का साठी बुद्धी नाठी म्हणून गप बसायचं?"

काकू, पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. सरांच्या डॉक्टरांना फोन लावा आणि सांगा की जेवण निम्म्यावर आलंय, वजन सात किलो उतरलंय आणि गोळी मात्र होती तेवढीच चालू आहे. बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल, पण हे आजच सांगा. आणि घरात ग्लुकोमीटर नसेल तर आज संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून आणा, स्ट्रिपसकट.

आता का ते सांगते. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच दोन ठिकाणी थांबले, बँकेतला घाम आणि रात्रीचा गूळ. मी गेली २२ वर्षं डायबेटिस क्लिनिकमध्ये आहार सांगायचं काम करते, मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये, पण सकाळी गोळी घेतली, उपास म्हणून पोटात काही नाही, दुपारच्या आत माणूस घामाघूम होऊन गोंधळला आणि गोड चहा पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जागेवर आला, हे ऐकल्यावर कुठलाही डॉक्टर आधी एकच प्रश्न विचारेल, त्यावेळी शुगर किती होती? ती कुणी बघितली नाही. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक खवळते, चिडचिड होते, आणि आणखी खाली गेली की बुद्धीच चालत नाही. मेंदू आपल्या वजनाच्या फक्त दोन टक्के पण शरीराची वीस टक्के ऊर्जा तोच खातो, आणि साठा म्हणून त्याच्याकडे जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे रक्तातली साखर घसरली की सगळ्यात आधी तोच अडतो.

ग्लिमेपिराइडचं काम असं आहे की ते स्वादुपिंडाला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात का नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर उपासाला एवढी भीती नसती, पण जोडीला हे आहे, त्यात जेवण काकडीवर आलंय, वजन उतरलंय म्हणजे औषधाची गरजही बहुतेक कमी झालीय. मग रात्री दोनला माणूस उठून गुळाचा डबा शोधतो. काकू, तो चोरून खाणं नसेलही हो. शरीर झोपेतून उठवून त्यांना तिथं नेत असेल.

हे मी एवढ्या कळकळीनं सांगतेय कारण आमच्या घरात हे झालंय. आईला शुगर, वय ७१, गोळीचा डोस वाढवलेला होता आणि आम्ही भावंडांनी कौतुकानं तिचं ताट अर्धं केलेलं. एका सकाळी मी माहेरी गेले तर आई ओट्यापाशी उभी, हातात चिमटा, तव्यावरची पोळी काळी होऊन धूर निघतोय, आणि ती माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारते, "तुम्ही कुणाकडं आलात?" मला वाटलं झालं, संपलं, आईचं डोकं गेलं. भावानं मशीन लावलं तर ४८. साखरपाणी दिलं, वीस मिनिटांनी आई म्हणाली पोळी कुणी जाळली गं. त्याआधीचे पाच-सहा महिने आम्ही तिच्या प्रत्येक विसरण्याला "वय झालं" म्हणत होतो आणि त्यातलं किती वय होतं आणि किती गोळी होती हे मला आजही सांगता येत नाही. गोळी बदलली, जेवण वाढवलं, तसे झटके पुन्हा आले नाहीत.

त्या ६.२ बद्दल. तीन महिन्यांची शुगर (HbA1c) टक्क्यांत असते. सरांनाच विचारा, ६.२ म्हणजे ग्लुकोमीटरच्या भाषेत तीन महिन्यांची सरासरी साधारण १३१ येते, आणि ६२ आणि २०० यांची सरासरी किती? १३१ च. रिपोर्टवर सुंदर आकडा दिसतो आणि आत माणूस दिवसातून दोनदा खड्ड्यात पडून दोनदा डोंगर चढत असतो. सरांच्या वयाला, बाकी तब्येत चांगली असली तर सात ते साडेसातच्या आत पुरे असं साधारण धरतात, आणि इतर आजार जास्त असतील तर आठपर्यंतही चालवून घेतात, सरांचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील. पण ६.२ चं आपल्याकडे जे पेढे वाटल्यासारखं कौतुक होतं ते अडुसष्टाव्या वर्षी, अशा गोळीवर, मला अजिबात आवडत नाही. अमेरिका-कॅनडात ॲकॉर्ड नावाचा मोठा अभ्यास झाला, १०,२५१ लोक, त्यात एका गटाची तीन महिन्यांची शुगर सहाच्या खाली न्यायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याची सात ते आठच्या मध्ये ठेवली. कडक गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मध्ये तो कडकपणा थांबवावा लागला. त्यातल्याच जवळपास तीन हजार लोकांची स्मरणशक्ती-विचारशक्ती ४० महिने तपासली होती, तर शुगर कडक ठेवलेल्यांचं डोकं काही जास्त चांगलं चाललं नाही. आणि कॅलिफोर्नियात १६,६६७ वयस्कर डायबेटिसवाल्यांचं रेकॉर्ड बघितलं, २००९ मध्ये छापून आलं, त्यात ज्यांना शुगर खूप खाली जाऊन हॉस्पिटल गाठावं लागलं होतं त्यांच्यात पुढं डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि बुद्धी हळूहळू जाण्याचा आजार, जास्त दिसला. आता डोकं आधीच मंदावलेलं असतं म्हणून गोळी-जेवणाचा घोळ होतो आणि शुगर पडते असं उलटही असू शकतं, दोन्ही बाजू आहेत त्याला, पण शुगर पडू देऊ नये यात दुमत नाही.

म्हणून आजपासून वही करा. रात्री झोपताना, पहाटे तीनला (एक-दोन दिवस गजर लावून), सकाळी उपाशी, अकराला, आणि जेव्हा जेव्हा सर गोंधळल्यासारखे किंवा विनाकारण चिडलेले वाटतील तेव्हा, बोट टोचून आकडा लिहायचा. शेजारी काय खाल्लं होतं तेही लिहा. आठ दिवसांची ही वही डॉक्टरांना दहा रिपोर्टांपेक्षा जास्त सांगेल. ७० च्या खाली आलं तर अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी परत टोचायचं, अजून कमी तर परत द्यायचं, आणि वर आलं की भाकरी-दूध काहीतरी पोटात घालायचं कारण ही गोळी तासन्तास काम करत राहते, एकदा वर आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं तिसरं नाव असेल तर साध्या साखरेचा असर उशिरा होतो, अशा वेळी मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच लागते, तर ती घरात असू द्याच. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, १०८ ला फोन. आणि तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ जड होणं यातलं काही अचानक दिसलं तरी १०८, पण फोन झाल्यावर गाडी येईपर्यंत शुगर बघून घ्या.

एकादशीचं काय? सोडा असं मी म्हणणार नाही, ज्या माणसाची माळ आहे त्याला मी हे सांगून उपयोग नाही आणि मला तो अधिकारही नाही. पण डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या की उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, किती वाजता. हे विचारायला लोकं लाजतात, उपास म्हटलं की डॉक्टर ओरडतील म्हणून लपवतात, आणि गोळी मात्र नेमानं घेतात. उपासाला साबुदाणा-बटाट्यानं शुगर आधी उसळते, त्यापेक्षा दूध, ताक, दही, भाजलेले शेंगदाणे, राजगिरा, थोडी वरई आणि दाण्याची आमटी असं दिवसभर थोडं थोडं जावं. सोमवारचा उपास मात्र सध्या थांबवायला सरांना विनवा, माझ्यातर्फे विनवा, एक तरी कमी होऊ दे.

आता दुसरी शंका, तीही तुमच्या पत्रातच आहे. बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं हे पक्कं माहीत आहे, आणि बी-१२ मिळतं प्राण्यांपासूनच्या अन्नातून, शाकाहारी माणसाला फक्त दूध-दही-ताक एवढाच दरवाजा. सर १४ वर्षं गोळीवर, जन्मभर शाकाहारी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं पुणे भागातल्या मध्यमवयीन पुरुषांचं बी-१२ मोजलं होतं, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं ते, त्यात तिघांतल्या जवळपास दोघांचं कमी निघालं, म्हणजे आपल्याकडे हा सुट्टा दुर्मिळ प्रकार नाहीये. बी-१२ कमी असलं की विसरायला होतं, मन उदास राहतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो. तुम्ही जिना चढताना धरावं लागतं म्हणालात ना, ते स्नायू गेल्यामुळेही असेल आणि यामुळेही असेल. साधी रक्ततपासणी आहे, कमी निघालं तर इंजेक्शन किंवा गोळ्या, महाग नाही. त्याच वेळी थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम आणि क्रिएटिनिन पण करून घ्या, किडनी मंदावली असेल तरी ती गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळते.

आणि टीव्हीचा आवाज. हे सगळ्यात दुर्लक्षित. माणसाला नीट ऐकूच येत नसेल तर तो "विसरला" असं आपण म्हणतो, मुळात ते त्याच्या कानात शिरलेलंच नसतं, आणि मग तो हळूहळू बोलणं टाळतो, कट्ट्यावर जाणं टाळतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशननं २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यात डायबेटिस आहे, बीपी आहे, कोलेस्टेरॉल आहे, एकटेपणा आहे, पण वजनदार कारणांत ऐकू न येणं अगदी वरचं आहे. कान तपासा, आधी मळ काढून बघा, मग कानाच्या मशीनचं बघू.

मग हे सगळं झालं आणि तरी विसरणं उरलं तर? तर ते तेव्हा बघायचं, न्यूरोलॉजिस्टला दाखवून, नीट चाचण्या करून. डायबेटिस असला की डिमेन्शियाचा धोका साधारण दीडपट होतो हे खरं आहे, लपवत नाही. पण दीडपट म्हणजे काय ते सरांच्या भाषेत, समजा शंभरातल्या दहांना होणार असेल तर पंधरांना होईल, पंच्याऐंशी जणांना तरीही नाही. आणि आपल्या देशात साठीपुढच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला त्यात डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे साठी ओलांडलेल्या शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची बुद्धी नाठी झालेली नाही. ती म्हण मला कधीच पटली नाही. त्या म्हणीपायी किती म्हाताऱ्यांची साधी रक्ततपासणी व्हायची राहून गेली असेल.

डायबेटिसनं मेंदूचं काय बिघडतं हे तुम्हाला उसाच्या पट्ट्यात राहून लगेच कळेल. ठिबकच्या नळ्या क्षारानं आतून हळूहळू तुंबतात, मेन लाइन चालू दिसते, मोटर चालू असते, पण शेवटच्या सरीतला ऊस पिवळा पडायला लागतो. मेंदूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचं जास्त शुगरनं, जास्त बीपीनं, वर्षानुवर्षं तसं होतं. मेंदूची इन्सुलिनला दाद देण्याची पद्धतही बदलते, त्यावर संशोधन चालू आहे, आणि त्यातूनच काही संशोधकांनी टाइप थ्री डायबेटिस हे नाव वापरलं, पण तो काही मान्य झालेला आजार नाही, कुठल्याही डॉक्टरच्या यादीत तो नाही. तुमच्या मुलीनं काळजीपोटी पाठवलं, तिला बोलू नका. पण "भात बंद केला की मेंदू परत येतो" हे रीलवाल्यानं कुठून आणलं ते त्यालाच माहीत.

कारण नुसतं वजन उतरवून डोकं सुधारतं का हे खरोखर तपासून झालंय. लुक अहेड नावाचा अमेरिकेतला अभ्यास, २००१ मध्ये सुरू झाला, टाइप टू डायबेटिस आणि वजन जास्त असलेले ५,१४५ लोक, ४५ ते ७६ वयाचे. अर्ध्यांना नुसती माहिती दिली, अर्ध्यांना पहिल्यांदा दर आठवड्याला बोलावून कॅलरी कमी, आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम असं अगदी हाताला धरून करून घेतलं. पहिल्या वर्षी या दुसऱ्या गटाचं साडेआठ टक्के वजन उतरलं. त्यांची झोप सुधारली, उदासी कमी झाली, किडनीचा त्रास कमी झाला, हे सगळं खूप मोलाचं आहे. पण स्मरणशक्तीच्या चाचण्यांमध्ये दोन्ही गट पुढं जवळपास सारखेच राहिले. काहींच्या एमआरआयमध्ये मेंदूतल्या बारीक जखमा थोड्या कमी दिसल्या, पण चाचणीतले मार्क वाढले नाहीत. आणि लक्षात घ्या, ती माणसं सरासरी शंभर किलोची होती. आपले सर ६४ किलोचे होते काकू, त्यांच्याकडे उतरवायला होतं काय? चार महिन्यांत सात किलो गेले त्यात चरबी किती आणि मांड्या-दंडाचा स्नायू किती, जिना सांगतोय तुम्हाला.

म्हणजे उपयोग नाही असं नाही, उपयोग आहे, पण वेगळ्या रस्त्यानं. फिनलंडमध्ये फिंगर नावाचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये आला, ६० ते ७७ वयाचे १,२६० लोक, ज्यांना धोका जास्त आहे असे, सगळे काही डायबेटिसवाले नव्हते. त्यांना उपाशी नाही ठेवलं. चांगलं जेवण, चालणं आणि सोबत ताकदीचे व्यायाम, डोक्याला काम, गटानं भेटणं, आणि बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलवर लक्ष, हे सगळं एकत्र दोन वर्षं. नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा त्यांचं डोकं थोडं जास्त चांगलं राहिलं. चमत्कार नाही, फरक लहान आहे, पण खरा आहे. अमेरिकेत अशाच पद्धतीचा २,१११ लोकांचा अभ्यास २०२५ मध्ये आला त्यातही दोन्ही गट सुधारले आणि ज्यांना बांधून दिलेला कार्यक्रम होता, माणसांची सोबत होती, ते जास्त सुधारले. मला यातलं "सोबत" फार महत्त्वाचं वाटतं. एकट्यानं सूप पीत, बायकोची बोलणी खात बसलेल्या माणसाचं डोकं कशानं ताजं राहणार?

तेव्हा जेवण परत सुरू करा, पण डॉक्टरांशी गोळीचं बोलून, कारण जेवण वाढलं की आकडे हलतील. शाळूची भाकरी द्या, दीड-दोन, भाकरीनं शुगर वाढत नाही असं समजून चार नको. आधी कोशिंबीर आणि वाटीभर घट्ट उसळ खाऊ दे, मग भाकरी, मग हवा तर चार घास भात. मटकी, मूग, हुलगे, हरभरा, पिठलं, कारळ्याची नाही तर जवसाची चटणी, ताक, हे तुमच्या घरात आधीपासून आहे, बाहेरून कुठली पावडर आणायची गरज नाही. किडनी ठीक असेल तर सरांना दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रोटीन लागेल. वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ म्हणजे सात-आठ ग्रॅम, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर सोयाबीन वडी बारा-तेरा, दोन भाकऱ्या पाच-सहा. म्हणजे सांगायचं काय, ते भाजी-काकडी आणि सूप यात वीससुद्धा भरत नाही. कारल्याचा रस बंदच करा, या गोळीच्या जोडीला तो शुगर आणखी खाली ओढू शकतो.

चालणं उपाशीपोटी पहाटे नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, तिन्ही वेळा, अंगणात गेटपर्यंत फेऱ्या मारल्या तरी चालेल, जेवणानंतर पायाचे स्नायू हलले की रक्तातली साखर ते ओढून घेतात. खिशात ग्लुकोजची पुडी. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, आधी पाच वेळा, तुम्ही शेजारी उभ्या राहून, जमेल तसं दहावर न्या, दिवसातून दोनदा. जिन्याचा प्रश्न स्नायूंमुळे असेल तर यानंच सुटेल. घोरतात का हे तुम्ही लिहिलं नाही, घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि डोक्याला काम म्हणून शब्दकोडी नकोत, सरांना परत शिकवू दे. गल्लीतली दोन पोरं स्कॉलरशिपच्या गणिताला बसवा त्यांच्यापुढं, संध्याकाळी तासभर. चुकले तर चुकू दे, पोरं सांगतील. भजनी मंडळात जात असतील तर नुसते बसून टाळ न वाजवता पखवाज शिकायला घ्या म्हणावं, नवीन शिकताना डोकं जे घासलं जातं ते रोजचंच परत म्हणताना घासलं जात नाही. दूधवाल्याचा हिशोब तुम्ही काढून घेतलाय का त्यांच्याकडून? घेतला असेल तर परत द्या.

पंधरा दिवसांनी वही घेऊन मला लिहा, पहाटे तीनचे आकडे आधी लिहा, बी-१२ किती आलं तेही. आणि तो गुळाचा डबा माळ्यावरून काढून परत खालच्या फळीवर ठेवा, शेजारी ग्लुकोजचं पाकीट आणि मशीन. सरांना सांगा, रात्री जाग आली आणि गोड खावंसं वाटलं तर चोरून जायचं नाही, मला उठवायचं, आपण दोघं मिळून बोट टोचू आणि मग मीच खडा देईन.